बिनकामाचं बटण

अहो अहो, ते नका दाबू! — झालं, दाबलंत. ऐका आता. ‘दूध उतू जातंय, लक्ष द्या.’ हे एफ फोर. आवाज कॉम्प्युटरचा, शब्द आमच्या हिचे. उठू नका, दूध-बिध काही नाही — मी कॉम्प्युटरवर पत्ते खेळायला बसलो आणि हे बटण दाबलं गेलं की हे असं ऐकू येतं. एफ फाइव्ह दाबा, दाबा, तुमच्यापासून काय लपवायचं — ‘ओला टॉवेल पलंगावर आहे.’ आणि तो असतोच हो! तर हे सगळं पुसायचं आणि कीबोर्ड पहिल्यासारखा करून द्यायचा, म्हणून तुम्हाला बोलावलंय. कुणी केलं म्हणजे? हिनेच. आत बसलीय, दार लोटून. माझ्याशी बोलत नाही, कॉम्प्युटरकडून निरोप देते.

माझं काय चुकलं? काही नाही. म्हणजे — थोडंसं. ही घरी टायपिंगची कामं घेते, बोटं अशी चालतात की बघत राहावं, कीबोर्डकडे ढुंकूनही बघत नाही. आणि मी निवृत्त. दिवसभर करायचं काय? अशात मला कळलं की बटणांची कामं बदलता येतात, एका बटणावर हवा तो हुकूम सोडता येतो — झालं, अंगातच आलं माझ्या! इथं हवामान, तिथं कॅलेंडर. मग नजर गेली कॅप्स लॉकवर. कधी कुणी वापरतं ते? नुसतं बसून खातं. घरात बिनकामाचं कुणी असू नये असं माझं स्पष्ट मत आहे — हसू नका, माझी गोष्ट वेगळी — म्हणून त्याला काम दिलं. दाबलं की कॉम्प्युटर बंद! तेही ‘नक्की बंद करू का’ वगैरे न विचारता, मला ती चौकशीच आवडत नाही. हिला सांगितलं का? सांगणारच होतो! पण जेवलो आणि डोळा लागला, आणि हिची करंगळी घसरली. कुठल्याशा प्राध्यापकांच्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण, सेव्ह न केलेलं — गुल! ओरडली असती तर परवडलं असतं हो. नुसती बघत राहिली माझ्याकडे, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून टाइप करायला बसली. तेव्हापासून अळीमिळी गुपचिळी.

हे शिकली कुठून? माझ्याकडूनच! मी फुशारकी मारत दाखवायचो, ही ‘हं, हं’ करायची, मला वाटायचं लक्ष नाही — अहो, थांबा थांबा, पुसायला घेतलंत की काय? सगळं जाईल? टॉवेलसुद्धा? मग घरात आवाज तो कसला राहणार... नाही हो, रडतोय कशाला, डोळ्यात काहीतरी गेलंय. ते एफ ट्वेल्व्ह मी अजून दाबलेलं नाही. भीती वाटते. काही कायमचंच बोलून ठेवलं असलं तर? तुम्ही दाबा, मी तिकडे तोंड करतो. — काय? पुन्हा दाबा बरं. ‘गोळी घेतली का?’ ...रक्तदाबाची हो. रोज हीच द्यायची.

नका पुसू. उलट एक भर घाला, माझं उत्तर. तोंडानं सांगू? छे, दारापर्यंत जातो, घसा खाकरतो आणि पाणी पिऊन परत येतो. त्यापेक्षा असं करा — स्पेसबार घ्या. तिच्या अंगठ्याखाली सारखा तोच येतो. दर वेळी दाबला की म्हणाला पाहिजे, ‘चुकलं माझं’. प्रत्येक शब्दानंतर! ‘चुकलं माझं’, ‘चुकलं माझं’, पानभर! कशी आहे कल्पना? असे काय बघताय? टायपिंगचं काय होईल म्हणजे? अं... ते नाही आलं लक्षात —

काय? काय म्हणालीस? — ऐकलंत? ऐकलंत ना? ‘स्पेसबारला हात लावाल तर कीबोर्ड डोक्यात घालीन’! मला म्हणाली हो, तुम्हाला नाही, स्वतःच्या तोंडानं! — आलो, आलो गं! चुकलं माझं! हो, घेतो गोळी! — तुम्ही निघा आता. राहू दे सगळं आहे तसं. आणि दार हळू लावा, ती अजून बोलतेय.