नसलेल्या हक्काची सही

—छे हो, वकील कसली! विद्यार्थिनी! हसा, हसा, माझी मुलगीसुद्धा हसते — तिच्याच कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला जाते ना मी, या वयात! दिवसभर शिवणयंत्र, संध्याकाळी मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा. रुक्ष वाटतं ना? मलाही वाटायचं. पण परवा आमचे पोरगेलेसे सर काय शिकवत होते — बाप जिवंत असताना मुलांना वारशाची नुसती आशा असते, आणि आशा विकता येत नाही, देता येत नाही, सोडताही येत नाही! मी भर वर्गात फिस्सकन हसले. सर म्हणाले, "मावशी, काय झालं?" काय सांगू? अहो, अप्पा, म्हणजे माझे वडील, चांगले धडधाकट होते तेव्हाच धाकट्या भावानं माझ्याकडून लिहून घेतलं होतं, त्यांच्या घरावरचा हक्क सोडला म्हणून. बदल्यात दमडी घेतली नाही मी. इतकी वर्षं वाटत होतं, गेलं ते घर — आणि गेलं कुठे? तेव्हा माझं काही नव्हतंच, तर सोडलं काय, कपाळ? अप्पा गेल्या साली गेले, मृत्युपत्र न करता; आई आधीच गेलेली, भावंडं आम्ही दोघंच — म्हणजे अर्धं माझं! रस्ताभर एकटीच हसत घरी गेले, फळवाला म्हणाला, बाई, लॉटरी लागली का?

घर? नको हो मला घर. काय करू त्याचं? अप्पा गेल्यावर येऊन नुसतं "ताई, दे" म्हणाला असता ना, तर हसत सही केली असती. पण आधीच लिहून घेतलं — भरवसा नव्हता माझा. माझा! कडेवर घेऊन फिरवलंय त्याला मी... जाऊ दे. वर्षभर फोन नाही. आज इथे, या नोंदणी कचेरीत, घराचं खरेदीखत करतोय असं शेजारणीनं कळवलं, म्हणून आले हरकत घ्यायला — आणि खरं सांगू? हरकत-बिरकत निमित्त हो, म्हटलं, इथे तरी भेटेल — अगं बाई, काय बोलून गेले मी हे!

तुम्ही कशासाठी बसलात? घर घ्यायला? वा! कुठलं? वळणावरचं? हिरव्या दाराचं?

अय्या!

अहो, घाबरू नका, बसा — माझ्या सहीशिवाय आज खरेदी होत नाही, वाचलात म्हणायचं — आणि तो बघा, आलाच! किती वाळलाय! शर्ट दोन मापं मोठा होतोय त्याला... अहो, बघताय काय? सरका की तिकडे. त्याला बसू दे.