साफ केलेली कॅसेट

प्रेमानंद : पण लोकं कुठं गेले वं, धनश्री?

धनश्री : कोणते लोकं, काका?

प्रेमानंद : हसणारे! या रेकॉर्डिंगमंधी मी एकटाच बोलून राहिलो ना. मौदा गावात जयंतीच्या कार्यक्रमाले दोन हजार माणूस होता.

धनश्री : तेच तर साफ केलं ना मी! खोकणं, पोरांचं रडणं, हसणं, सगळं काढलं. तीन दिवस बसली मी त्याच्यावर. तुमचा आवाज पाहा ना, किती क्लियर आला.

प्रेमानंद : क्लियर? मसणात बसून जोक सांगून राहिल्यावानी वाटते, बापा.

धनश्री : तुम्हीच तर म्हणाले होते, 'पोरी, चांगली साफ करून दे.'

प्रेमानंद : म्हटलं खरं. मले वाटलं, वरची धूळ झटकशीन. जुनी कॅसेट दे मंग वापस.

धनश्री : तिची पट्टी पार झिजली होती. एकदा चालली, मग तुकडे झाले. फोनवर सांगितलं होतं ना मी.

प्रेमानंद : आन् साफ कराच्या आधीचं? कॉम्प्युटरात असंन ना?

धनश्री : डिलीट केलं, काका. जागाच नव्हती... काका? बसा ना. पाणी देऊ? अहो, चाळीस वर्षं तुम्ही एकपात्री केलं, पेपरात लिहिलं. हे यूट्यूबवर टाकू, लोकं ऐकतील.

प्रेमानंद : माहं बोलणं मले पाठ आहे वं. त्याच्यासाठी कोण कॅसेट ऐकते? तिसऱ्या रांगेत नंदिनी बसे.

धनश्री : काकू?

प्रेमानंद : हरेक कार्यक्रमाले. हजारात तिचं हसणं वेगळं, उचकी लागल्यावानी. तिले जाऊन दोन वर्षं झाले. फोटो ढीगभर आहे, पण फोटो हासते काय? सायंकाळची वंदना झाली का मी कॅसेट लावो. टेप बिघडला, म्हणून तुह्याकडे आलो.

धनश्री : मला सांगायचं ना, काका!

प्रेमानंद : काय सांगू? साऱ्या विदर्भाले हसवणारा माणूस घरी एकटा बसून बायकोचं हसणं ऐकते म्हणून? लाज वाटली मले.

धनश्री : थांबा, थांबा. एका जागी हसणं निघालंच नव्हतं. मी वैतागून सोडून दिलं. तुम्ही मुलगी पाहायला जाता, तो किस्सा आहे ना...

प्रेमानंद : उमरेडचा. पोह्यावर तर्री एवढी तिखट, का डोळ्याले धारा लागल्या. सासरा म्हणे, पाहा, पोरगी एवढी पसंत आली का पोरगा रडून राहिला! आन् मी आजवर त्याले सांगितलं नाही, का ते तर्री होती.

धनश्री : हां! ते तर्रीचं वाक्य तुम्ही पुरं करायच्या आधीच कोणीतरी हसलं. तुमच्या आवाजावरच चढलं, म्हणून निघालं नाही. हे घ्या, कानाला लावा.

(ती हेडफोन देते. प्रेमानंद तेवढंच वाक्य पुन्हा लावायला खुणावतो.)

प्रेमानंद : तर्री तिनंच केली होती ना. माहीत राहे तिले, म्हणून लोकायच्या आधीच हासे. मी घरी येऊन भांडो, 'माह्या जोकचा जीव घेतला तू!'

धनश्री : मग काकू?

प्रेमानंद : आणखीन हासे... पोरी, यातून माहा आवाज काढता येते काय?

धनश्री : नाही ना, काका. दोन्ही एकमेकात गुंतले आहे. एक काढला की दुसराही जाते.

प्रेमानंद : राहू दे मंग. सोबतच राहू दे.