पाणी परत येईपर्यंत

रत्नप्रभा: स्वरदा, ही बोट वाकडी का झाली? दशमी घसरतेय ताटलीतून.

स्वरदा: टेकलीये, आई. खालचा कणा वाळूत बसला.

रत्नप्रभा: म्हणजे बुडतोय आपण?

स्वरदा: बुडायला पाणी लागतं. कुठाय पाणी?

रत्नप्रभा: अगं, मघाशी तर होतं.

स्वरदा: ओहोटी. जेवायला म्हणून खाडीत शिरले, नांगर टाकला, तुला सावली बघितली, आणि ओहोटीच विसरले. अरे यार.

रत्नप्रभा: आपल्या भोपाळच्या तलावाचं पाणी मे महिन्यात हटतं. हे लोणचं वाढेपर्यंत गेलं.

स्वरदा: हस तू.

रत्नप्रभा: मग काय करू? आयुष्यात पहिल्यांदा शिडाच्या बोटीत बसले, तीही जमिनीवर. तुझे ते तलावावरचे बोटक्लबवाले पेढे वाटतील.

स्वरदा: त्यांचं नाव नको काढूस.

रत्नप्रभा: काढणार. साहेबांची पोरं बोटीत आणि फिटरची पोरगी काठावर. तुला शिकायला घ्या म्हणून त्या सेक्रेटरीच्या टेबलावर डबा आपटला होता मी. वरण सांडलं, तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

स्वरदा: आणि आज हे. जयगडहून रत्नागिरी, अंधार पडायच्या आत बोट पोचवली तर कायमचं काम. एवढंच करायचं होतं.

रत्नप्रभा: मीही तेच बघायला आलेय. भोपाळची सरकारी नोकरी, घर सोडून यावं असं काय आहे इथे, ते संध्याकाळी तुझ्या बाबांना सांगायचंय मला.

स्वरदा: थांब. मंजूषा मॅडमना फोन करते. बोट त्यांची आहे.

रत्नप्रभा: इंजिन बिघडलं म्हण.

स्वरदा: इंजिन ठीक आहे, आई.

रत्नप्रभा: त्यांना काय दिसतंय रत्नागिरीतून? तुझ्या ऑफिसात काय करतात? चूक झाली की फाइल शेजारच्या टेबलावर.

स्वरदा: म्हणूनच तर सोडायचंय. हॅलो मॅडम, स्वरदा. बोट खाडीत वाळूवर बसलीये. चूक माझी. तलावात शिकले, ओहोटी डोक्यातच आली नाही.

मंजूषा (फोनवर): दगड आहेत खाली?

स्वरदा: नाही, वाळूच दिसतेय.

मंजूषा: बरोबर आई आहेत ना? घाबरल्या का?

स्वरदा: दुसरी दशमी घेतलीये तिने.

मंजूषा: मग काळजी नाही. भरती येऊ दे, इंजिनाने ओढाओढ नको. त्या खाडीत मीही बसलेय. उशीर चालेल, खोटं चाललं नसतं. ये आरामात, कामाचं पक्कं समज.

(भरती येते. बोट सरळ होते, खाडीबाहेर पडते.)

रत्नप्रभा: इंजिन का बंद केलंस?

स्वरदा: वारा मिळाला. ऐक आता.

रत्नप्रभा: काहीच ऐकू येत नाही.

स्वरदा: तेच ऐक. आणि हे सुकाणू धर. तो डोंगर समोर ठेवायचा.

रत्नप्रभा: मी? अगं, अगं... ऐकते की ही माझं. तुझ्या बाबांपेक्षा बरी.

स्वरदा: जास्त ओढू नकोस. हां, बस, असंच.

रत्नप्रभा: कशी पळतेय बघ. पोटात गुदगुल्या होतात गं.

स्वरदा: मला दर वेळी होतात.

रत्नप्रभा: दिसतंय तोंडावर. बाबांना फोन लाव. माझ्या कानाशी धर, हात मोकळा नाही.

स्वरदा: काय सांगणारेस?

रत्नप्रभा: लाव तर. अहो, मी बोलतेय. जेवलात ना? बरं, एक करा. माझं शिलाई मशीन स्वरदाच्या खोलीत हलवा. खिडकीपाशी ठेवा.