पालथा हात

—कोट नको काढूस, बर्नी. बस, पण कोट राहू दे अंगात. कॉफी नाही केली मी आज. वॉल्ट ना? माझा नवरोबा गेलाय लेकवर, तुझ्या भावाबरोबर, त्या बोटीतून मासे धरायला. बोटीचं येतेच मी.

आधी हे बँकेचं पत्र बघ. घर घेतलं तेव्हा हाताशी पैसे थोडे, म्हणून बँकेने तो विमा आमच्या गळ्यात बांधला—बुडालो आम्ही तर भरपाई बँकेला, आणि हप्ता भरायचा कोणी? आम्ही! महिन्याला एकशे बारा डॉलर, नऊ वर्षं. शाळेच्या स्वयंपाकघरात उभं राहून राहून पाय सुजवून घेतले मी त्यासाठी. आणि कर्ज घराच्या मूळ किमतीच्या ऐंशी टक्क्यांवर उतरलं की बँकेला लेखी कळवायचं, बंद करा आता विमा—हा हक्क असतो घरमालकाचा, कायद्याने दिलेला. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर तो महिना मी लाल पेनने गोल करून ठेवला होता. तूच म्हणालीस ना, “लोरेन, त्या दिवशी आपण केक कापू”?

तो महिना आला, विमा तसाच. फोन केला, तर म्हणे, तुमचा अर्जच आलेला नाही. असं कसं? गेल्या ऑगस्टमध्ये याच टेबलावर सही केली होती की मी! वॉल्ट म्हणाला होता, विम्याचे कागद आताच करून ठेवू, वेळ आली की पाठवू. तू नोटरी म्हणून आलीस, येताना पीच घालून भाजलेला तो गोड कॉबलर घेऊन आलीस. मला वाटलं, अर्ज टपालात हरवला. म्हणून पुन्हा लिहिला, चार ओळींचा. उत्तर काय आलं? विनंती मान्य करता येत नाही, या घरावर दुसरं कर्ज आहे. दुसरं! मी पुन्हा फोन लावून तिथल्या मुलीला म्हटलं, बाळा, तू भलतंच घर बघतेयस.

मग कौंटीच्या कचेरीत जाऊन त्या दुसऱ्या कर्जाच्या कागदाची नक्कल आणली. ही. ही माझी सही. आणि हा नोटरीचा शिक्का—ओळखतेस ना, तुझाच? पंखा चालू होता त्या दिवशी. तू कागदाच्या वरच्या भागावर हात पालथा ठेवलास आणि खाली बोट दाखवलंस, “इथे, लोरेन.” मला वाटलं, कागद उडू नये म्हणून. किती काळजी करते बर्नी माझी, असं वाटलं गं मला!

दोन वर्षांनी विमा आपोआप बंद होईल म्हणे. होऊ दे. पण आज मागायचा हक्क माझा होता, आणि तू, वॉल्ट आणि तुझा भाऊ, तुम्ही तिघांनी तो घालवून त्या कर्जातून बोट घेतली.

काय म्हणतेस, मी वाचायला हवं होतं? हो. हवंच होतं. आणि—सांगूनच टाकते—तुझा हात जरा सरकला तेव्हा आकडा दिसला होता मला. चाळीस हजार. विमा बंद करायच्या कागदावर चाळीस हजार कशाला? आलं होतं मनात. मग विचारलं का नाही? वॉल्टचा हात होता माझ्या खांद्यावर. किती दिवसांनी, बर्नी! म्हटलं, विचारलं तर काढून घेईल.

हे मी तुला का सांगतेय, कोण जाणे. मला एवढंच विचारायचं होतं, तू वाचलं होतंस का? माझ्याकडे नको बघूस, कागदाकडे बघ. वाचलं होतंस?

हं. वाचलं होतंस तर.

तुझं कॉबलरचं भांडं घासून दारापाशी ठेवलंय. ऑगस्टपासून राहिलं होतं, खाली तुझ्या नावाची पट्टी आहे अजून. ने. आणि दार ओढून—नको. राहू दे. माझ्या घराचं दार मी लावते.