रिसिव्हर ठेवाचा नाही!

...आन् वरून मले म्हणते, "कान दुखते तं दुसऱ्या कानाले लाव!" आता तुमीच सांगा, शेषरावभाऊ मालक असतीन, राजापेठेत त्याईची बियाण्याची एवढी मोठी एजन्सी असन, पण माह्ये कान काय एजन्सीचे हायेत? टेलिफोनच्या याच खुर्चीवर माह्ये केस पांढरे झाले, याच खुर्चीवर घर चालते, पण असं काम म्या जल्मात नाही केलं!

झालं काय, भाऊचा साळा गजेंद्र अकोल्याची शाखा पाह्यते, जुन्या शहरात. त्याच्या घरच्या एका लग्नात जवाईबुवाले, म्हंजे आमच्या भाऊले, फेटा बांधाचा राहून गेला... बस! दोघाईनं एकमेकाचे मोबाईल नंबर ब्लॉक! फेट्यापायी! पण धंदा तं करा लागते ना? मंग भाऊ गावोगावून ऑफिसात फोन लावते, "साधनाबाई, त्या हरामखोराले जोडा." मी अकोला लावतो. तिकून तो, "कोण, फेटेवाले काय? द्या!"

म्हंजे लाईनी दोन्ही बाहेरच्या, मधात मी. मागं अशीच जोडलेली लाईन मोकळी राह्यली, तं कोण कुठचा चोट्टा घुसला आन् आमच्या फोनावरून परदेशात गप्पा हाणून गेला! मंग फोनच्या मशीनवाला पियुष आला, नाकात बोलते तो... "मॅडम, आधी गुपित कोड दाबाचा, आन् दोघाईचं बोलणं सरेपर्यंत रिसिव्हर ठेवाचा नाही. ठेवला का चोट्ट्याले दार उघडं!"

तवापासून पाहा! डबा खाऊन राहिली, रिसिव्हर ठेवाचा नाही. शिंक आली, दाबा नाक, रिसिव्हर ठेवाचा नाही! ते एकमेकाचं खानदान उद्धारतात, मी मधात आइकत बसतो. शेवटी शेगावले नारळ बोलली... महाराजा, मिटू दे रे याईचं भांडण, माह्या कानाले इसावा भेटू दे!

आन् काल काय झालं? भाऊचा मूर्तिजापूरहून फोन. जोडला. आधी नेहमीसारख्या शिव्या. मंग गजेंद्र एकदम नरम, "भाऊजी, ताई लई रडते हो. चुकलं माह्यं." तं भाऊबी म्हणे, "जाऊ दे ना लेका, फेट्यात काय ठेवलं हाय!" अवो, माह्या डोयात पाणी! पदरानं पुसलं, रिसिव्हर नाही ठेवला.

"मंग ब्लॉक काढू काय, भाऊजी?"

"काढ. मीबी काढतो."

"मंग ते साधनाबाई कायले पाह्यजे आता? गिऱ्हाईक तं सिधं मोबाईलवरच बोलते."

"खरंच ना बे! येत्या महिन्यापासून ते खुर्चीच बंद करून टाकू."

जमलं बरं दोघाईचं! फेट्यावर नाही जमलं, माह्यावर जमलं!

गजेंद्र म्हणे, "पण तिले सांगन कोण? लई जुनी हाय."

मले वाटलं, आता तरी भाऊ थांबतीन. तं भाऊ काय म्हणते?

"सांगाचं कायले? आइकूनच राहिली ना ते!"

आन् हासले हो दोघं... सख्ख्या भावावानी! मंग भाऊ मले म्हणे, "साधनाबाई, आता ठेवला तरी चालते."

नाही ठेवला! दोघाईनं ठेवला, लाईन बंद झाली ते पाह्यलं, मंगच ठेवला.

आता इतवारी शेगावले चालली. काहून म्हणता? अवो, नारळ बोलली होती ना म्या... फोडा तं लागनच!