चौथ्या मजल्यावरची ऋषीची भाजी

...नाही, मी म्हणते, नवसच बोलायचा होता तर सरळ नारळाचा बोलायचा ना! पाच नारळ, अकरा नारळ, गेलाबाजार सव्वा किलो पेढे... आणायचे, ठेवायचे, हात जोडायचे, संपलं! आजवर मी तेच करत आले. पण तीन वर्षांपूर्वी मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, देवासमोर उभी राहिले आणि काय बोलले? 'गणराया, माझ्या स्नेहलला परदेशात नोकरी लागू दे, ऋषीपंचमीची भाजी मी माझ्या घरी, माझ्या हाताने पेरून, माझ्या हाताने पाणी घालून पिकवीन आणि तुला नैवेद्य दाखवीन!' आता घरी म्हणजे कुठे, सांगा? पनवेलच्या करंजाड्यात, चौथ्या मजल्यावर! साडेतीन फुटांची गॅलरी, त्यात वॉशिंग मशीन, त्यात जुनी गादी, त्यात ह्यांची व्यायामाची सायकल, जिच्यावर आजपर्यंत फक्त टॉवेलांनी व्यायाम केलाय!

तुम्ही सगळ्या ऋषीची भाजी करता, तुम्हाला मी काय सांगायचं. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हाताने पिकवलेलंच खायचं. पण खरं सांगा, आपण करतो काय? आदल्या दिवशी पनवेलच्या मार्केटात जातो, वाटे मांडलेलेच असतात, माठ, अळू, भेंडी, पडवळ, भोपळ्याची फोड, आणि आपण विचारतो, "मावशी, बैल नाही ना लावला?" ती म्हणते, "नाय वो ताई, बैल हायतच कुठं?" आपण समाधानाने घेऊन येतो. ट्रॅक्टर चालतो का, हे कुठल्याच ऋषींनी सांगून ठेवलेलं नाही! मला हे दरवर्षी मनात खुपायचं, म्हणून तो तसला नवस तोंडातून निघाला. आणि सात महिने अर्ज करून थकलेली माझी पोरगी, तिला नोकरी कधी लागली? सातव्या दिवशी! अहो, मी अजून कुंडीसुद्धा आणली नव्हती! देवाने आपलं काम केलं हो, आता माझं राहिलं ना!

नोकरी नॉर्वेला, पार वरच्या टोकाला, ट्रोम्सो म्हणून गाव आहे. माशांच्या रक्तातलं काहीतरी मोजते. मी देवाला नुसतं 'ऑफिस' एवढंच सांगितलंय.

तर पहिल्या वर्षी मी सल्ला घेतला आमच्या वन्संचा. आशालतावन्सं चंद्रपूरला असतात, त्यांच्या गच्चीवर वांगी काय, पालक काय, मे महिन्यात शेचाळीस डिग्रीत कोथिंबीर काढणारी बाई ती! हिरवी जाळी बांधायची, त्यावर जुन्या साड्या ओल्या करून टाकायच्या, कुंडीत वरून पालापाचोळा. मी म्हटलं, वन्सं, मला सांगा. म्हणाल्या, "वहिनी, एकच गुपित आहे, दिवसातून तीनदा पाणी! हात आखडायचा नाही!" मी काय करावं? तीनदा पाणी घातलं. जुलैमध्ये! पनवेलला! बाहेर धो-धो, आत मी झारी घेऊन उभी! पंधरा दिवसांत कुंडीत बेडूक आला. चौथ्या मजल्यावर बेडूक कसा आला, हे मला अजून कळलेलं नाही, आणि कोणाला माहीत असेल तर मला खरंच ऐकायचंय. माठ सडला, भेंडी सडली, बेडूक तेवढा जोमात आला. हे म्हणाले, "ऋषीपंचमीला हाच शिजवणार आहेस का?" मी मार्केटातून वाटा आणला, देवाला सांगितलं, यंदा एवढं चालवून घे.

दुसऱ्या वर्षी म्हटलं, आपली लेक शिकलेली आहे, तिलाच विचारू. तिचीही खिडकीत शेती सुरू झालेली, आणि तुम्हाला सांगते, त्या पोरीच्या खिडकीने माझी झोप उडवली! तिकडे उन्हाळ्यात दोन महिने सूर्य मावळतच नाही. मावळतच नाही! मी म्हटलं, "अगं मग रोप झोपतं कधी?" ती हसली. बघा, नोकरी लागल्यापासून कामाच्या दडपणाने पोरगी हसणं विसरली होती, फोनवर 'हो', 'नाही', 'जेवले', एवढंच. त्या दिवशी हसली आणि म्हणाली, "आई, थांब, शोधून सांगते." दुसऱ्या दिवशी दोन पानी मेसेज! की कोथिंबिरीला उजेड फार झाला तर तिला वाटतं आपलं आयुष्य संपत आलं, म्हणून ती घाईने फुलावर येते. मी म्हटलं, अगं माझी पण येते की घाईने फुलावर, पण इथे उकाड्याने! म्हणजे ट्रोम्सोची कोथिंबीर उजेडाला घाबरते, पनवेलची उन्हाला, आणि आपण मात्र दोघींना सांगतो, बाई, जरा दम धर, डाळीवर घालायचीय!

आणि तिचा लाल माठ? मी इथून बी पाठवलं होतं. आपल्याकडे माठ कसा, आज टाकला की आठवड्यात तरारतो. तिच्याकडे महिनाभर दोन पानांवर बसून! थंडीने आखडलेला! शेवटी तिने रोपांवर प्लास्टिकचे डबे पालथे घातले, ऊब धरायला, तेव्हा कुठे वाढला. हिवाळ्यात तर सूर्यच उगवत नाही, तेव्हा जांभळा दिवा लावते. आणि ऐका, तिच्या साहेबीणबाईंच्या दिवाणखान्यात अळू आहे! शोभेला! आपल्याकडे जे मोरीच्या पाण्यावर येतं ते तिकडे पितळेच्या कुंडीत, सोफ्याशेजारी! खायचं नसतं म्हणे ते, जात वेगळी. पण मान बघा!

तर मी काय केलं, तिचं बघून मीही डबे पालथे घातले. अहो पनवेलच्या दमटात! डब्याच्या आत इडल्या झाल्या असत्या! तीन दिवसांत पानांवर पांढरी बुरशी. दुसरंही वर्ष गेलं. पुन्हा मार्केट, पुन्हा वाटा, पुन्हा देवासमोर खाली मान. देवाने आपलं काम केलं हो, आता माझं राहिलं ना!

आता यंदाचं ऐका, कारण यंदा गोष्ट गळ्याशी आली होती. तिची नोकरी तीन वर्षांच्या कराराची होती. करार सप्टेंबरअखेर संपणार, पक्की करायची की निरोप द्यायचा हे गणपतीच्या आसपास कळणार. पोरगी पुन्हा 'हो', 'नाही', 'जेवले'वर आली. आता माझा देव असा नाही हो, हिशेब धरून बसणारा नाही, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या मनाला लागतं की नाही? आपण शब्द दिला, त्याने सात दिवसांत पाळला, आणि आपण दोन वर्षं सबबी सांगतोय. मग मी नवसातला शब्द न् शब्द आठवला. 'माझ्या हाताने पेरून, माझ्या हाताने पाणी घालून.' आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला... अगं बाई, पाणी माझ्या हाताने कुठे पडतंय? ते तर पाऊस घालतोय! म्हणून तर फळत नाही!

मग काय, मी कुंड्यांवर छत्र्या उघडल्या. घरातल्या चार, दोन नव्या आणल्या. पाऊस थेंबभर लागू द्यायचा नाही, सकाळ-संध्याकाळ नळाचं पाणी, माझ्या हाताने, वाटीने मोजून. एकदा वारा आला, ह्यांची ऑफिसची छत्री उडून खाली गेली. हे घरात आले ते चिंब! म्हणाले, "भेंडीला छत्री आणि नवऱ्याला पाऊस?"

आणि तेवढ्यात हौसाबाई वर आल्या. पहिल्या मजल्यावरच्या. आपली बिल्डिंग उभी आहे ना, ती जागा त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती, त्यांचं आयुष्य त्या चिखलात गेलं. बांगड्या वाजवत गॅलरीत आल्या, छत्र्या बघितल्या आणि कमरेवर हात ठेवला.

"आगो बाय! झाडांना सर्दी व्हते काय गो?"

मी सगळं सांगितलं. नवस, शब्द, पाणी. त्या म्हणाल्या, "मंग नलाचा पानी तुजा नि वरचा पानी परका?"

मी म्हटलं, नळाचं मी हाताने घालते ना.

"नलान पानी कुठशी येतं?"

म्हटलं, धरणातून.

"नि धरनान?"

मी हातातली वाटी खाली ठेवली.

"सांग ना गो शिकलेली! धरनान कुठशी येतं?" आणि बोट वर केलं. "त्यानं पाठवलेला पानी त्याच्याच भाजीवर पडू देत नाय तू, नि त्यालाच म्हनतेस नवस फेडते! येरी हायस काय?"

मी म्हटलं, हौसाबाई, पटतंय, पण शब्द दिलाय हो मी... माझ्या हाताने. त्या हसल्या नाहीत. माझा हात धरला, ग्रिलच्या बाहेर काढला, पावसात, कोपर बरोबर कुंडीच्या वर. म्हणाल्या, "धर आसा. आता तुज्या हातावरशी पडतं का नाय? झाला तुजा हात!"

तुम्हाला सांगते, मी जुलै-ऑगस्ट रोज सकाळी हात बाहेर धरून उभी राहिले. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंना वाटलं मी त्यांना बोलावतेय, त्या दोनदा येऊन चहा पिऊन गेल्या! आणि त्याच दिवशी हौसाबाईंनी कुंड्या उलट्या करून बघितल्या आणि कपाळाला हात लावला. शोभेच्या कुंड्या हो, चिनी मातीच्या, बुडाला भोकच नाही! "पानी जाल कुठं? तुज्या नवऱ्याच्या खिशान?" सगळं काढलं, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणल्या, तळाला भोकं, खाली विटा. आणि आलं हो! माठ आला, अळू आलं, भेंडीला फूल आलं. भोपळ्याला फुलंच फुलं, पण धरेना. इतक्या वर एकही मधमाशी येत नव्हती. स्नेहलने तिकडून सांगितलं, "आई, माझ्याकडे घरात कुठली माशी? मी रंगाच्या ब्रशने नराचे पराग मादीला लावते." माझ्याकडे कुठला ब्रश? मी फुलवात घेतली. सकाळी देवाचं नाव घेऊन या फुलातून त्या फुलात... लिंबाएवढा भोपळा धरला! मी तिला फोटो पाठवला, ती पुन्हा हसली.

ऋषीपंचमीला सगळी काढणी केली. माठाच्या दोन मुठी, अळूची चार पानं, भेंड्या तीन, मिरची एक, बोटाएवढं पडवळ, एका कणसाला सतरा दाणे, आणि तो भोपळा, तोवर मुठीएवढा झालेला. शिजवली तर भाजी किती झाली? देवाच्या लहान वाटीत मावली आणि वाटी भरली नाही! पण नैवेद्य दाखवला. शब्दाप्रमाणे. माझ्या हाताची. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

पण पत्र आलेलं नव्हतं. नोकरी पक्की झाल्याचं. सकाळपासून फोन मांडीवर. आणि ती अर्धी वाटी बघून मला वाटलं, एवढ्या मोठ्या मागण्याला एवढीशी भाजी? माझं तोंड पुन्हा उघडलं हो! हे आतून ओरडले, "नारळ बोल, नारळ!" पण तोवर मी बोलून गेले होते.

सव्वाचारला स्नेहलचा फोन. रडत होती. "आई, पक्की झाले!"

देवाने पुन्हा आपलं काम केलं हो! पण या वेळी...

आता असं आहे, तुम्हा सगळ्यांना मी आज हळदीकुंकवाला बोलावलं, ओटी भरली, खिरापत दिली, ते काही उगाच नाही. या पिशवीत माठाच्या बिया आहेत, भेंडीच्या आहेत, अळूचे कंद हौसाबाईंनी दिलेत, गोण्या खाली जिन्याशी ठेवल्यात, भोकं पाडून. ज्यांना गॅलरी नाही त्यांनी खिडकीत एक मिरची लावा, कोथिंबीर लावा. ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, मी येऊन बघीन, मला तर तेच बघायचंय, की दुसऱ्या मजल्यावर माठ वेगळा येतो का. लावा हो, माझ्यासारखं तुम्हीही लावा एकेक.

नाही म्हणू नका. पुढच्या ऋषीपंचमीला आपल्या विंगच्या सोळाही घरांत घरचीच भाजी शिजेल, असं मी बोलून बसलेय, आणि देवाचा गोंधळ नको म्हणून तुमचे फ्लॅट नंबरसुद्धा सांगून ठेवलेत.