शेजारची रिकामी जागा

ऐका मंडळी. आधी एक शब्द नीट समजून घ्या, मग गोष्ट. हादरा आणि कंप हे एक नव्हेत. हादरा बाहेरून येतो. खड्डा लागला, गाडी आदळली, संपले. कंप आतून येतो. रस्ता कितीही गुळगुळीत असो, एका विशिष्ट वेगाला तो सुरू होतो. वेग वाढवा, तो वाढतो. वेग उतरवा, तो विरून जातो. आपल्याकडे दोन्हींना सर्रास ‘हादरे’ म्हणतात. म्हणू नये. भार्गव केळुसकराच्या गाडीला हादरे बसत नव्हते. तिला कंप सुटला होता.

भार्गव म्हणजे वाडीतून स्टेशनवर उतारू पोहोचवणारा. त्याची बायको इंदुमती हयात होती तोवर संध्याकाळच्या खेपेला हमखास बरोबर असायची. उतारू मागे, आणि पुढची डावी जागा तिची. ती गेली. तरी ती जागा भार्गवाने दुसऱ्या कुणाला दिली नाही.

आता तो रस्ता डोळ्यांपुढे आणा. स्टेशनकडून घाट चढून आलात की भैराचा सडा लागतो. नुसता काळा कातळ. झाड नाही, झुडूप नाही, आणि रस्ता सरळ सुतासारखा. सगळ्या वाटेत गाडीला ऐंशीचा वेग मिळतो तो इथेच. आणि सडा संपतो तिथे एकदम उजवीकडे वळण, समोर कडा. रात्री एकट्याने परतताना शेजारच्या जागेवर नारळ ठेवायचा, असा इथला रिवाज. रिकामी जागा घेऊन सडा ओलांडायचा नाही. का? सड्यावर जे आहे, त्याचे नाव रात्री घेत नाहीत. मीही घेणार नाही. भार्गवाला रिवाज ठाऊक नव्हता का? होता. पण इंदुमतीच्या जागेवर नारळ ठेवायला त्याचा हात धजला नाही. चूक झाली ती एवढीच.

गाडी थरथरू लागली तसा तो सुलेमान मिस्त्रीकडे गेला.

“स्टिअरिंग थरथरतं की तुझं बूड?” सुलेमानने विचारले.

“म्हणजे?”

“स्टिअरिंग थरथरलं तर रोग पुढच्या चाकांत. बूड थरथरलं तर मागच्या. आणि ब्रेक दाबल्यावरच थरथरलं, तर ब्रेकच्या तबकडीत.”

“सुलेमानभाई, माझं काहीच थरथरत नाही. शेजारची जागा थरथरते.”

“मग तिला काढा पाज!” सुलेमान हसला.

पण माणूस कामाचा. त्याने चारही चाके उतरवली. टायरला कुठे फुगवटा आहे का, हात फिरवून पाहिले. रिमवर शिशाचे तुकडे लावून तोल साधला. मग भरदुपारी भार्गवाला घेऊन सड्यावर आला. सुलेमान शेजारी बसला, भार्गवाने ऐंशी गाठली. कंप नाही! मग तो मागे जाऊन बसला. पुन्हा ऐंशी. आणि पुढची डावी जागा थरथरू लागली. एकटीच!

सुलेमान हसला नाही. म्हणाला, “भार्गवा, मी बसलो की थांबतं, उठलो की सुटतं. म्हणजे रोग चाकांत नाही, रिकाम्या जागेत आहे. नारळ ठेव, बाबा.”

“ठेवतो,” भार्गव म्हणाला. नारळ घेतलाही. आणि मागच्या डिकीत टाकला.

त्याच रात्री उतारूंना स्टेशनवर सोडून तो एकटा परत निघाला. सड्यावर आला. साठ. सत्तर. ऐंशी. जागा थरथरली. बरं का, एरवी तो इथे वेग उतरवायचा. आज नाही उतरवला. नव्वद! गादी दबली. कुणी सावकाश टेकावे तशी दबली. आणि समोर लाल दिवा लागला. टिंग, टिंग, टिंग! शेजारी कुणी पट्टा न लावता बसले की लागतो, तोच दिवा. बकुळीचा वास आला. इंदुमती माळायची त्या बकुळीचा.

“इंदू?”

“अहो, हळू नका होऊ,” आवाज आला. तिचाच, तंतोतंत. “हळू झालात की मी सुटते.”

काय करील माणूस? सांगा! वर्षभर ज्या आवाजासाठी त्याने घरात दिवा मालवला नव्हता, तो आवाज हाताच्या अंतरावर. शंभर! हिरव्या लुगड्याचा काठ डोळ्याच्या कोपऱ्यात हलला. एकशे दहा! गियरवरच्या त्याच्या हातावर हात आला. गार नव्हता हो. ऊबदार होता.

“किती दिवसांनी भेटतोय,” आवाज म्हणाला. “माझ्याकडे बघा ना. एकदाच.”

तिथे भार्गवाला खटकले. लग्न झाल्यापासून तो गाडी चालवताना तिच्याकडे बघू लागला, की ती त्याची हनुवटी धरून समोर वळवायची. “मी काही पळून जात नाही. रस्त्याकडे बघा.” दर खेपेला हेच. शेवटच्या आजारात दवाखान्यात नेतानासुद्धा हेच.

“बघा ना!”

त्याने मान वळवली नाही. पाय उचलला. ब्रेक नाही दाबला, नुसता पाय उचलला. शंभर. नव्वद. “अहो, मी सुटतेय! अहो!” आवाज रडू लागला. भार्गवही रडत होता. ऐंशी. हातावरची ऊब गेली. दिवा विझला. मग त्याने ब्रेक दाबला. गाडी कड्याच्या तोंडाशी थांबली. दिव्यांचा उजेड पुढे पोकळीत पडला होता. त्याखाली जमीन नव्हती.

म्हणून सांगतो, दिवस मावळल्यावर त्या सड्याने जाऊ नका. खालच्या खाडीच्या रस्त्याने या. वेळ लागेल. लागू द्या.

आणि ही गोष्ट पुढे सांगाल तर नीट सांगा. लोक सांगतात, भार्गवाने वळून पाहिले, शेजारी मांसाविना कवटी होती, म्हणून तो वाचला. साफ खोटे. त्याने पाहिलेच नाही. शेजारी कोण होते, हे त्याला आजही ठाऊक नाही. पट्टीचा ड्रायव्हर तो, पण अजून कधी एकटा भेटला की विचारतो, “तीच असली तर हो?”